जुळ्या बेटांची विल्हेवाट

मी, खाली सही करणारी, सेवानिवृत्त भौतिकशास्त्रज्ञ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या घरात, कुणाच्याही धाकदपटशाशिवाय लिहीत आहे. माझी स्मृती शाबूत आहे. सकाळी डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करायला लावलं, मी पार तळाला पोचले तेव्हा त्यांनीच थांबवलं. मी रागात आहे हेही नोंदवते, कारण उद्या कोणी म्हणेल की म्हातारीनं रागाच्या भरात लिहिलं. राग जुना आहे आणि चांगला मुरलेला आहे.

वकील म्हणतात, कायदेशीर कागदात सर्वांचा उल्लेख आदराने करावा. एका माणसाच्या बाबतीत ते मला जमणार नाही.

कलम १. बँकेतली सगळी शिल्लक मला सांभाळणाऱ्या बाईंना द्यावी. कुणाला दिलेलं काही नाकारलं गेलं किंवा रद्द ठरलं, तर तेही त्यांचंच. त्यांनी आजवर माझ्याकडे फक्त एकदा काही मागितलं, ते म्हणजे मी रेडिओ बारीक करावा.

कलम २. आईच्या सोन्याच्या बांगड्या माझ्या धाकट्या बहिणीला. धाकटे, माझं वाटोळं झालं तेव्हा तू म्हणालीस, "ताई, जाऊ दे ना गं, घरचाच माणूस आहे." घरचा होता म्हणूनच त्याला दार माहीत होतं. बांगड्या घाल आणि हे आठव.

कलम ३. वरच्या मजल्यावरच्या काकांना माझे रबरी ठोकळे. प्रयोगशाळेत अणूंची चित्रं काढायच्या उपकरणाखाली आम्ही हे ठेवत असू, कारण रस्त्यावरून ट्रक गेला तरी चित्र थरथरतं. काकांनी ते खुर्च्यांच्या पायांना लावावेत. पंधरा वर्षं मी जिन्यात गोड बोलून बघितलं.

चिमटे, भिंग आणि टंगस्टन तारेची रिळं, मी जिथं नोकरी केली त्या संस्थेच्या वर्कशॉपला. मी सुया करायची, म्हणून तिथले लोक मला सुईबाई म्हणत. तार कॉस्टिक सोड्यात बुडवायची, वीज सोडायची, तार झिजत झिजत तुटते आणि तुटल्या जागी टोक येतं. चांगलं टोक एका अणूचं असतं. ते पृष्ठभागाच्या इतकं जवळ न्यायचं की न टेकताच मधून प्रवाह वाहू लागेल, आणि मग ओळीमागून ओळ फिरवायचं. प्रवाहाच्या चढउतारावरून संगणक चित्र काढतो. डोळ्यांना कधीही दिसणार नाही ते आम्ही असं, आंधळ्यानं चेहरा चाचपावा तसं, बघतो. हे काम मला नवऱ्यापेक्षा प्रिय होतं, म्हणून मी नवरा केलाच नाही.

कलम ४. संस्थेनं माझ्या नावानं बाक, पाटी, पारितोषिक, व्याख्यान यांपैकी काहीही करू नये. याचं कारण संस्थेचा संचालक आहे. तो धाकटीचा नवरा. त्याला आमच्या घरी चहाला मीच आणलं होतं, तेव्हा पायावर धोंडा माझाच.

दर्शनी भागात मोठं नारिंगी चित्र टांगलेलं आहे. ग्राफाइटवर सोन्याच्या अणूंची बेटं, सगळी जोडीजोडीनं. 'जुळी बेटं' म्हणून ते पाठ्यपुस्तकात गेलं, कॅलेंडरवर गेलं, आणि त्याला संचालकाच्या खुर्चीत बसवून आलं. ते चित्र काढलं त्या दिवशी त्यानं घाईत माझी सुई नमुन्यावर, म्हणजे त्या सोनं चढवलेल्या ग्राफाइटच्या तुकड्यावर, आपटली होती. आपटलेल्या सुईला कधी कधी दोन टोकं होतात, आणि मग एकच बेट दोनदा दिसतं. प्रत्येक जोडीतलं अंतर सारखं, प्रत्येक जोडीचं तोंड एकाच दिशेला. निसर्ग एवढा शिस्तीचा नसतो.

मी म्हटलं, "टोक दुभंगलंय. सुई बदला."

तो म्हणाला, "ताई, किती सुंदर आलंय ते बघा तरी."

"मग नमुना फिरवून परत काढा. जोड्या सोन्याच्या असतील तर नमुन्याबरोबर फिरतील. सुईच्या असतील तर तशाच राहतील."

त्यानं नमुना फिरवला नाही, मला फिरवलं. चर्चासत्रात सगळ्यांसमोर मी हेच बोलले, आणि महिन्याभरात माझी बदली भांडारात झाली. निवृत्तीपर्यंत मी हातमोजे आणि स्क्रू वाटले. येताजाता ते चित्र दिसायचं. तो समोर आला की म्हणायचा, "काय ताई, बरं आहे ना?" बरं नव्हतं. आजही नाही.

कलम ५. हे राहतं घर माझ्या भाचीला, म्हणजे त्याच्याच मुलीला, पुढील अटीवर. मूळ नमुना मी भांडारात जाताना उचलून आणला, तो माझ्या कपाटात आहे. सोन्याला गंज नाही. भाची आमच्याच विषयात, त्याच्याच संस्थेत काम करते. तिनं तो नमुना फिरवून चित्र काढावं आणि बापाच्या चित्राशेजारी टांगावं. त्याला खाली उतरवणारा हात त्याच्याच घरचा असावा, ही माझी इच्छा आहे. एवढीच एक इच्छा मी इतकी वर्षं सांभाळली.

(वरची अट मी आज दुपारी रद्द करत आहे. कलम खोडलेलं नाही. वकील स्वच्छ कागदावर पुन्हा लिहा म्हणाले. आमच्या धंद्यात कच्ची मोजमापं पुसत नाहीत.)

कलम ६. दुपारी भाची आली. तिला कलम पाच वाचून दाखवलं. 

"मावशी, मी काढलंय ते चित्र. दोन वर्षं झाली. तू झोपली होतीस तेव्हा नमुना नेला आणि परत ठेवला."

"आणि?"

"जोड्या नाहीत. फिरवून बघितलं, उलटं बघितलं. सुटी बेटं आहेत सगळी."

"बापाला सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, चित्र आलं त्याच आठवड्यात मला कळलं होतं. म्हणाले, आता हे तुझ्यामाझ्यात राहू दे."

मला वाटत होतं, तो मूर्ख आहे. मूर्खावर सूड उगवायची मी तयारी केली होती. त्याला माहीत होतं, आणि माहीत असताना त्यानं मला हातमोजे मोजायला बसवलं. ज्या माणसाला मी घरी आणलं, बहीण दिली, त्यानं.  इथून पुढे अक्षर बिघडलं तर तो मेंदूचा दोष समजू नये, रागाचा समजावा.

पोरीवरही संतापले. दोन वर्षं ती माझ्या हातचं जेवली आणि गप्प राहिली. मग तिच्याकडे नीट बघितलं. ती बापाच्या घरात राहते, बापाच्या संस्थेत नोकरी करते, आणि तिला बाहेर पडायला दुसरं दार नाही. म्हणून हे घर मी तिला बिनशर्त देते. तिनं गप्प राहायचं तर खुशाल राहावं. वैर माझं आहे.

त्याच्याबद्दल मी एवढंच जाहीर करते: ते चित्र खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे त्याला ठाऊक आहे. हा मजकूर संस्थेच्या सूचनाफलकावर लावावा.

वकील म्हणाले, "बाई, तुमच्या एकटीच्या शब्दाला कोण विचारणार? तुमचं भांडण जगजाहीर आहे. ज्यानं नमुना फिरवला त्याची सही असती तर गोष्ट वेगळी. पण ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्यानं साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याला दिलेलं रद्द होतं." म्हणून भाचीला आतल्या खोलीत बसायला सांगितलं आहे, आणि साक्षीला डॉक्टर आणि वरचे काका बोलावले आहेत. मी तिच्याकडे सही मागितलेली नाही. माझ्यानंतरही कुणी मागू नये.

स्थळ: माझं जेवणाचं टेबल.
दिनांक: महिन्याचा शेवटचा बुधवार, संध्याकाळ.

(सही) लिहून देणार

साक्षीदार:

१. (सही) डॉक्टर. बाई शुद्धीत आहेत.

२. (सही) वरच्या मजल्यावरचा शेजारी. कलम तीन मान्य नाही, बाकी माझ्यासमोर झालं.

३. (सही) भाची. या सहीबरोबर माझं घर जातं, हे वकिलांनी मला दोनदा समजावलं. नमुना मी फिरवला. जोड्या कुठेच नाहीत. बाबांना माहीत आहे. मावशी "नको, नको" म्हणत माझा हात धरून बसली होती, तो सोडवून सही केली.