भुऱ्यासाठी उकळलेला टब

३ तारीख, सोमवार. सकाळी सात.
लेक-जावई दहा दिवस बाहेरगावी. भुऱ्या माझ्याकडे. लेक बजावून गेली, बाबा, डबक्यातलं पाणी पिऊन हा आजारी पडला तर पुढच्या वेळी कुत्र्यांच्या हॉस्टेलात ठेवीन. तसं होऊ देणार नाही. हा आला की घरात माझ्याशिवाय आणखी कोणीतरी जांभया देतं.

दुपारी. जनावरांच्या डॉक्टरांना फोन. म्हणाले, साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत असतं, त्याने किडनी जाते. हिरवा तवंग असला तर काही तासांत कारभार आटोपतो. जंत वेगळेच. सगळं लिहून घेतलं. जेवण गेलं नाही.

४, मंगळवार.
नामी योजना. दहा दिवसांचं पाणी एकदमच उकळलं. आठ पातेली. निवायला परसात मोठ्या टबात ओतलं. तिथेच राहील. उकळलेलं पाणी शिळं होत नाही, त्यातले जंतू मेलेले असतात. एवढ्यासाठी डॉक्टरांना पुन्हा त्रास दिला नाही.

५, बुधवार.
गल्लीत सात डबकी. सातही डबक्यांवरून भुऱ्याला उचलून नेलं. वजन बावीस किलो. कंबर धरली. उद्यापासून दुसरा रस्ता.

६, गुरुवार.
दुसऱ्या रस्त्यावर अकरा.

८, शनिवार.
भुऱ्या टब हुंगतो, माझ्याकडे बघतो आणि चालू पडतो. हट्टी. लेकीवर गेलाय. त्याला भरवसा वाटावा म्हणून त्याच्यादेखत एक पेला प्यालो. चव मातकट. उकळल्यावर लागतेच.

९, रविवार.
दोन पेले प्यालो. शेजारच्या मावशी कुंपणावरून म्हणाल्या, भाऊ, टबात पाला पडलाय, आणि सकाळी एक कावळा आंघोळ करून गेला. म्हटलं, पाला वर तरंगतो, मी खालचं घेतो. बाईमाणसाला शास्त्र कोण समजावणार.

१०, सोमवार.
पाण्याला हिरवी झाक. टबाचा रंग उतरत असावा. टब निळा आहे, पण जुना आहे. पोटात गुरगुर. काळजीने.

११, मंगळवार. वेळ पाहिली नाही.
सहाव्यांदा. भुऱ्या संडासाच्या दाराशी बसून. त्यालाही तपासून घ्यायला हवं.

१२, बुधवार.
मावशींनी दोघांनाही गाडीत घातलं. भुऱ्या ठणठणीत. जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं, हा पाणी कुठलं पितो. मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाल्या, माझ्या ओट्याखालच्या वाडग्यातलं, रोज ताजं, गेल्या मंगळवारपासून कुंपणाखालून येतो. मग माझ्या डॉक्टरांकडे. सलाईन. ते म्हणाले, आजोबा, साचलेलं पाणी पिऊ नये.
मला माहीत आहे. लिहून घेतलेलं आहे.

१३, गुरुवार.
लेक आली. टब पाहिला, उलटा केला. मग म्हणाली, पुढच्या महिन्यात पुन्हा जायचंय, भुऱ्या इथेच राहील. म्हणजे माझ्यावर विश्वास आहे. ऊर भरून आला.
जाताना तिने मावशींच्या हातात सूचनांचा कागद दिला. मी कुंपणावरून वाचला. भुऱ्याबद्दल दोन ओळी होत्या. बाकी पान माझं.