उघडी राहिलेली यादी

एस्क्विंतला,
रविवार, १२ मे, सकाळी सहा

प्रिय नोएमी,

आधी खुशाली. आई बरी आहे, गुडघा सोडून. काल शनिवार, म्हणून तमाल विकायला तयार असल्याचा लाल दिवा दारावर लावला आणि पानात वाफवलेले ते मक्याचे तमाल अंधार पडायच्या आत सगळे संपले. आश्रयघराच्या डोन्या चायो स्वतः पत्र घेऊन आल्या म्हणून घाबरू नकोस. म्हणजे, घाबर, पण सगळं वाचून.

आश्रयघराची वेबसाइट मी उभी केली, हे तुला दहा वेळा ऐकवलंय. "इंजिनीयरबाई, आता आम्हाला ओळख तरी दाखवाल का?" असं तू चिडवलंस ते मला आवडलं होतं. नवऱ्यापासून पळालेली कुठली बाई कुठे राहते, हे आमच्या केंद्रांना पासवर्ड टाकून बघता यावं, एवढंच त्या वेबसाइटचं काम.

सर्व्हर भाड्याचा. एकाच मशीनवर शंभर बिऱ्हाडं, त्यात एक बेकरी, एक दातांचा डॉक्टर आणि आम्ही. फ्रेमवर्कचा, म्हणजे वेबसाइटच्या तयार सांगाड्याचा, नियम साधा असतो. त्यातला एकच फोल्डर लोकांसमोर ठेवायचा, बाकी सगळं, पासवर्डसकट, मागे. तसं ठेवलं तर दोन दिवस नुसतं कोरं पान दिसत होतं. उद्घाटनाला तास उरला, बायका खुर्च्यांवर येऊन बसल्या. शेवटी मी अख्खं फ्रेमवर्क उचलून समोरच्या फोल्डरमध्ये टाकलं. पान उघडलं. टाळ्या वाजल्या, केकचा पहिला तुकडा मला मिळाला. उद्या नीट लावू म्हटलं.

तो उद्या अकरा दिवस आला नाही.

काल विल्फ्रेदो तमाल घ्यायला आला. तुझा नवरा, तू पळाल्यापासून दीड वर्षात पहिल्यांदा. चार मागितले, अगदी नम्रपणे. म्हणाला, "सासूबाई, तिकडे डोंगरात, शेला शहरात थंडी फार असते म्हणे. नोएमीला स्वेटर पाठवलात की नाही?"

आई म्हणाली, "कोण जाणे बाबा, आम्हाला कुठे कळवते ती." आणि चार तमाल मोजून त्याच्या हातात दिले. जाताना तो माझ्याकडे वळला. "मेहुणीबाई, वेबसाइट छान केलीत हो."

मी लगेच सर्व्हरवरच्या नोंदी बघितल्या. पासवर्डची फाईल कोणालाही वाचता येत होती. मंगळवारी कोणीतरी ती वाचून सगळी यादी उतरवून घेतली. एकोणचाळीस बायका. सातवं नाव तुझं, खोलीच्या पत्त्यासकट.

वेबसाइट बंद करून मी डोन्या चायोंना सांगितलं. "रडणं नंतर," त्या म्हणाल्या, "आधी फोन." अडतीस जणींनी उचलला. तुझा बंद आहे. शेलाच्या केंद्रातल्या बाई जाऊन आल्या, तर खोलीला कुलूप. शनिवारी तुझी कामावर जादा पाळी असते, असं मी आईला सांगितलं. आईला पटलं, मला नाही.

म्हणून डोन्या चायो पहिल्या बसने तुझ्या कामाच्या जागी येतायत. तोंडी त्याही सांगतील, पण चूक कोणाची ते तुला माझ्याकडून कळायला हवं. मला कोरं पान दाखवायची लाज वाटली. त्या लाजेपायी तुझा जीव मी उघड्यावर ठेवला.

हे वाचत असशील तर तू सुखरूप आहेस. खोलीवर जाऊ नकोस, सामान राहू दे. डोन्या चायो नेतील तिथे आत्ताच्या आत्ता जा. सोबत आईचा स्वेटर आहे, तो घाल. आणि नवा पत्ता कोणाला कुठेही लिहू देऊ नकोस. मलाही कळवू नकोस.

तुझा पत्ता यापुढे कधीच न विचारणारी,
तुझी बहीण
इल्सिया