विजेवरचा चिमटा

प्रिय,

हा शब्द सवयीने उमटला. राहू दे. पण त्याच्या भरवशावर पुढचं वाचायला जाऊ नकोस. मी चिडलेली आहे, आणि तुला माहीत आहे तशी, चार भांडी आपटून मोकळी होणारी नाही. तुझा खोलीतला जोडीदार सुट्टी संपवून परवा बोगद्याच्या कामावर परत येतोय. तुझे लोकरी मोजे न्यायला तो घरी येईल, तेव्हा हे पाकीट त्याच्या हातात देईन. फोनवर हे जमलं नसतं. फोनवर तू मध्ये बोलतोस, मग मी मध्ये बोलते, मग रेंज मध्ये बोलते. कागदावर निदान माझं वाक्य पुरं होतं.

लॅबमध्ये बसून लिहितेय, जेवणाच्या सुट्टीत. समोर कुणा आजोबांची कवळी मेणात अर्धवट उभी आहे. वरचे दात बसलेत, खालचे व्हायचेत, त्यामुळे आजोबा माझ्याकडे बघून अर्धं हसतायत असं वाटतं. दिवसभर दुसऱ्यांचे दात घडवायचे आणि स्वतःचे आवळून धरायचे, असं माझं गेला आठवडाभर चाललंय. आमच्या साहेबांनी काल विचारलं, "बाई, तब्येत बरी आहे ना? कवळीवर एवढा जोर लावताय, उद्या ती पेशंटलाच चावेल." मी हसले नाही, तेव्हा ते गुपचूप आपल्या टेबलाशी गेले.

तुझ्या फोनवर शाळेच्या ॲपमधून रोज एक चित्र येतं. सूर्य, ढग किंवा वीज. ते कुठून येतं हे तू पाहिलेलं नाहीस, म्हणून सांगते. वर्गात फळ्याशेजारी पुठ्ठ्याचं एक मोठं आभाळ लावलंय. वर गालाला खळ्या पडलेला सूर्य, मध्ये करडा ढग, खाली पिवळीजर्द वीज. प्रत्येक पोराच्या नावाचा एक लाकडी चिमटा, आपण वाळत घातलेल्या कपड्यांना लावतो तोच. सकाळी सगळे चिमटे सूर्यावर. बोललं, चिमटा खाली. ओळीतून वाकून बघितलं, खाली. पेन्सिल पडली आणि न विचारता उचलली, खाली. पोराने स्वतः उठायचं, सगळ्यांच्या देखत आपल्या हाताने आपला चिमटा खाली सरकवायचा आणि परत जागेवर येऊन बसायचं. आणि चिमटा विजेवर गेला की एकट्याची नाही, त्याच्या आख्ख्या टेबलाची मधली सुट्टी बंद. सहा मुलं हाताची घडी घालून वर्गात बसणार आणि खिडकीतून बाकीच्यांचा खेळ बघणार. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना, इथे तर चोरही नाही. इथे फक्त सात वर्षांची पोरं आहेत.

आपली भिंगरी बसून लिहू शकत नाही हे मी तुला सांगायला नको. पायाला भिंगरी म्हणून नाव तूच ठेवलंस. ती दूध उभ्याने पिते, बेरजा टेबलाभोवती फिरत करते, आणि बेरीज बरोबर येते. वर्गातही तिचं तेच. लिहिता लिहिता कधी उभी राहते, तिचं तिलाच कळत नाही. कुणाला ढकलत नाही, बोलत नाही. नुसती उभी राहते आणि लिहिते. मला सांग, यात कुणाचं काय बिघडलं? पण "जागेवर न बसणे" असा गुन्हा यादीत आहे, आणि यादीत आहे म्हटल्यावर चिमटा खाली.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा गोडीत गेले. तिच्या वर्गाच्या बाई तरुण आहेत, बोलक्या, खडूने बाह्या माखलेल्या. मी म्हटलं, हिला मागच्या ओळीत जागा द्या, तिथे उभी राहिली तर कुणाला फळा अडणार नाही. त्यांचा चेहरा उजळला. "हो, मलाही तेच वाटत होतं," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंकडून निरोप, भेटायला या. मोठ्या बाईंची खोली तू बघायला हवीस. कोपऱ्यात मऊ खुर्च्या, टेबलावर काचेच्या वाटीत गोळ्या, आणि भिंतीवर "प्रत्येक मूल वेगळं आहे" असं रंगीत अक्षरांत. त्या पाटीखाली बसून बाई मला म्हणाल्या, "एकीला सूट दिली तर उद्या सगळे उभे राहतील." मी म्हटलं, "राहू देत की. बसतील दमून." त्यांना ते विनोदी वाटलं नाही. आवाज चढवत नाहीत, हीच तर खोड आहे. आवाज चढवला असता तर मलाही चढवता आला असता. त्यांनी गोळ्यांची वाटी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "घरी थोडी शिस्त लावा. वडील बाहेरगावी असले की असं होतं." मी गोळी घेतली नाही. इतकाच काय तो माझा पराक्रम.

त्यानंतर मी तिच्या टेबलावरच्या पोरांचे चेहरे बघायला लागले. शाळा सुटली की पूर्वी सगळी घोळक्याने फाटकाशी यायची. आता पाच पुढे आणि ही मागे. एकीच्या वाढदिवसाला सगळ्या टेबलाला बोलावणं होतं, हिला नव्हतं. त्या मुलीच्या आईला मी दुकानात गाठलं, तर ती बिचारी ओशाळून म्हणाली, "अहो, मी म्हटलं होतं तिला. पण ती रडते. म्हणते, हिच्यामुळे मला झोपाळा मिळत नाही." तिचा तरी काय दोष? सात वर्षांच्या पोरीला झोपाळा आणि न्याय यांत निवड करायला लावणारी ही माणसं, आणि वर त्याला शिस्त म्हणतात! एकमेकांवर पाळत ठेवायला शिकवतात आणि प्रगतिपुस्तकात "सहकार्य" नावाचा रकाना ठेवतात.

घरी भिंगरीने तोंडात मिठाची गुळणी धरली. शाळेत काय झालं विचारलं की "काही नाही". डबा अर्धा परत. टेबलाभोवती फिरणं बंद झालं. खुर्चीच्या कडेला हाताने घट्ट धरून बसायची, बोटं पांढरी होईपर्यंत. तुला फोनवर सांगितलं होतं मी. तू म्हणालास, "चांगलं आहे की, सुधारतेय." उंटावरून शेळ्या हाकायचं काम तुला कुणी शिकवलं रे? बोगद्यात यंत्रावर बसून एवढा मोठा डोंगर पोखरतोस, आणि तुझ्या पोरीच्या पोटात काय चाललंय तेवढं दिसेना?

मग गेला शुक्रवार. तुला ॲपवर काय आलं ते मला पाठ आहे. "आपली पाल्य खुर्चीशी खेळताना पडली. शालेय साहित्याचा गैरवापर." आणि खाली वीज. आता झालं काय ते वाच.

गणिताच्या तासाला बाईंनी विचारलं, फळ्यावर कोण येतं? हिला उत्तर येत होतं. हिने हात वर केला. कितीतरी दिवसांनी वर केला असेल. बाईंनी हिचं नाव घेतलं आणि ही आनंदाने उसळी मारून उठली. पण पाय खुर्चीतच राहिले. तिने दोन्ही बुटांच्या नाड्या खुर्चीच्या पायांना बांधल्या होत्या. गाठीवर गाठ मारून. स्वतःच्या हाताने. आपण नकळत उठतो, तर उठताच येऊ नये म्हणून. ती खुर्चीसकट पुढच्या टेबलाच्या कडेवर तोंडावर आपटली. पुढचा दात अर्धा गेला. दुधाचा नाही. नवा, पक्का, आत्ताच कुठे पूर्ण उतरलेला.

मी पोचले तेव्हा ती आजारी मुलांच्या खोलीत कॉटवर बसली होती, ओठ सुजलेला, झग्यावर रक्त. मला बघून पहिलं वाक्य काय बोलली सांगू? "आई, मी उभी नव्हते राहिले." बाईंनी कागदी रुमालात दाताचा तुकडा जपून ठेवला होता. तो त्यांनी माझ्या हातात दिला. मी रोज दातांच्या छटा जुळवते, पांढऱ्यातले किती पांढरे असतात ते मला कळतं. त्या तुकड्याकडे मला बघवेना. दातांच्या डॉक्टरांनी तो चिकटवायचा प्रयत्न केला, पण नीट बसला नाही, म्हणून भर घातली आहे. ती टिकेल तितकी टिकेल. पक्कं काम ती मोठी झाल्यावर. ते मीच करेन, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही.

सोमवारी मी पुन्हा त्या पाटीखाली जाऊन बसले. मोठ्या बाईंना म्हटलं, नाड्या तुमच्या बाईंनीच सोडवल्या, मग "खेळताना" कुणी लिहिलं? तर म्हणे, ॲपमध्ये तयार वाक्यं असतात, त्यातलं जवळचं निवडावं लागतं. जवळचं! पोरीने स्वतःला बांधून घेतलं, याला त्यांच्याकडे वाक्यच नाही. मग त्या मोठ्या मनाने म्हणाल्या, "तिचा चिमटा आम्ही परत सूर्यावर नेऊ." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले, सरळ वर्गात गेले. मुलं मधल्या सुट्टीत बाहेर होती. सकाळी बाकीचे सूर्यावर नेले होते, तिचा चिमटा मात्र शुक्रवारपासून विजेवरच ठेवला होता. तो काढून पर्समध्ये टाकला. मोठ्या बाई दारातून "अहो, अहो" करत राहिल्या. मी म्हटलं, "शालेय साहित्याचा गैरवापर. घाला मला यादीत." तो चिमटा आता आपल्या गॅलरीत आहे आणि आयुष्यात पहिल्यांदाच काही उपयोगाचं काम करतोय.

त्या संध्याकाळी वर्गाच्या बाईंचा फोन आला, स्वतःच्या नंबरवरून. रडत होत्या. म्हणाल्या, प्रत्येक वर्गात आठवड्याला किती विजा पडल्या, याचा तक्ता शिक्षकांच्या खोलीतही लागतो. म्हणजे त्यांचाही चिमटा आहे. मला कीव आली, पण राग गेला नाही. मी तसं त्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुणाला न विचारता खिडकीजवळच्या पुस्तकांच्या बुटक्या कपाटाचा माथा रिकामा केला, आणि आता भिंगरी त्यावर वही ठेवून उभ्याने लिहिते. अजून दुसरं कुणीही उभं राहिलेलं नाही. टेबलाची शिक्षा मात्र चालूच आहे. त्या झोपाळ्यावालीची आई आणि मी मिळून बाकीच्या पालकांशी बोलतोय. काही येतील. काही म्हणतात, आम्ही तर छड्या खाल्ल्या, काय झालं आम्हाला? त्यांच्या तोंडाकडे बघून उत्तर देणं मी टाळते.

आता तुझ्यावर येते. रविवारी ती फोनसमोर आधीपासून बसून होती. आरशात बघून वरचा ओठ खाली ओढून बोलायचा सराव केला होता, तुला दात दिसू नये म्हणून. तुझा फोन आला, रेंज कमी म्हणून नुसता आवाजाचा. मी सांगायला तोंड उघडलं, "अरे, ती पडली," आणि तू म्हणालास, "वाचलं मी. तिला देऊ नकोस फोन. सूर्यावर आल्याशिवाय बाबा बोलणार नाही म्हणावं." फोन स्पीकरवर होता. तिने ऐकलं. उठून आत गेली. मी फोन तसाच टाकून तिच्यामागे गेले, आणि तुला वाटलं रेंज गेली.

नाड्या का बांधल्यास, हे तिला सगळ्यांनी विचारलं. बाईंनी, डॉक्टरांनी, मी. तिने ब्र काढला नाही. काल केस विंचरत होते तेव्हा आपणहून बोलली, माझ्याकडे पाठ होती म्हणून जमलं असेल. म्हणाली, "बाबांनीच सांगितलं होतं. बसता येत नसेल तर खुर्चीला बांधून घे स्वतःला, म्हणजे प्रश्न मिटला." ती पडली त्याच्या आदल्या रविवारी तू म्हणालास ते. रागात की गमतीत, मला आठवत नाही, तुलाही आठवणार नाही. तिने ते उपाय म्हणून ऐकलं. आणि मग माझा हात धरून तिने वचन घेतलं की हे बाबांना सांगायचं नाही, त्यांना वाईट वाटेल. सात वर्षांची पोर तुला सांभाळून घेतेय. मी ते वचन मोडतेय, कारण तुला वाईट वाटायलाच हवं. वाटू दे, चांगलं भरपूर वाटू दे, पण तिच्यासमोर नको. रविवारची वाट बघू नकोस. वाचून झालं की बाहेर ये, रेंज असेल तिथे उभा राहा आणि तिला फोन कर. तुझं चुकलं हे आधी सांग. मग गप्प बस, आणि ती बोलेल ते शेवटपर्यंत ऐक.

तुझीच,
अजून तरी, आणि रागासकट