दोन इंच आत घेणार नाही

अहो,

मी लोकर आणायला गेले आहे. हो, नवीन. "तीन स्वेटर सुयांवर लोंबतायत, चौथा कशाला?" हे तुम्ही काल ऐकवलंत, ते मला पाठ आहे.

मुलाचा स्वेटर बाह्यांपाशी अडलाय. नातीचा पुरा व्हायच्या आत तीच मोठी झाली, त्याला मी काय करू? तुमचा मात्र गळ्याची पट्टी सोडली तर तयार आहे. तो घालून आरशासमोर उभे राहिलात आणि म्हणालात, "यात माझ्यासारखे दोघे मावतील. उसव आणि दोन इंच आत घे."

घेणार नाही. माझं माप चुकलेलं नाही. तुमच्या आजारपणाआधीच्या मापाने मी तो मुद्दाम विणलाय. वजन परत भरेल असं डॉक्टर म्हणालेत, ते मी धरून बसले आहे. आज आणतेय ती लोकरही तुमच्याच पुढच्या थंडीच्या स्वेटरची, त्याच मापाची.

ओट्यावर झाकून ठेवलंय ते सगळं संपवा. अर्धं फ्रीजमध्ये सरकवून "जेवलो" म्हणायचं नाही. स्वेटर तुमच्या अंगाएवढा होणार नाही, तुम्हालाच त्याच्याएवढं व्हायचंय.