दोन पेट्यांची खरखर

मास्तर, तुम्ही चुकला होतात. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण मी कसा आहे ते तुम्हाला माहीत आहे. पथारीवरच्या मिरचीचा ठसका आला की माझं डोकं तिकडे, समोर चहाची किटली वाजली की इकडे. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि हे एक वाक्य मी त्याच्याही आधीपासून सांभाळून ठेवलंय. ऐकायला तुम्ही थांबला नाहीत, त्याचाही राग आहेच.

तो दिवस तुम्ही विसरला असाल, मी नाही. नंदुरबार स्टेशनच्या रस्त्यावरचं तुमचं दुकान, लग्नसराई, बँडवाल्यांचे अ‍ॅम्प्लिफायर दारापर्यंत रचलेले. मी तुमच्याकडे तिसऱ्या वर्षाला शिकणारा, दहावी नापास. रद्दीतल्या एका मासिकात बघून मी एक सर्किट जोडलं होतं. एक कॉइल, दोन कपॅसिटर, थोडे रेझिस्टर, एक आयसी. स्पीकरला लावलं तर खरखर. पण साधी नव्हे. ऐकत बसलं की वाटायचं, आता मघाची चाल परत येणार, आणि ती नेमकी तशी कधीच येत नव्हती. आतला व्होल्टेज सगळा नियमानं चाललेला, तरी पुढे काय ते सांगता येऊ नये! मी आनंदानं तुम्हाला हाक मारली. तुम्ही आलात, कान दिलात, आणि कटरनं कॉइलचा पाय तोडून टाकलात. "खरखर काढानं आपलं काम शे, करानं नही. तुन्हा डोकामाच खरखर शे." बँडवाले हसले, समोरचा चहावाला हसला, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या ओळीत माझं नाव खरखऱ्या पडलं. आठ दिवसांत मी सुरतेची गाडी पकडली.

सुरतेत मागाच्या कारखान्यात होतो, मग बडोदा, मग कुठे कुठे. मधे एक वर्ष सर्कशीचे लाइट सांभाळले, ते वेगळंच सांगण्यासारखं आहे, पण नको. शेवटी बेंगळुरूच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागलो, आणि पहिल्याच आठवड्यात तिथल्या मॅडमच्या टेबलावर माझीच खरखर चालू! मास्तर, त्या खरखरीत आवाज लपवतात. दोन सर्किटं हुबेहूब सारखी बनवायची. पहिल्याची खरखर दुसऱ्याला पाजली की दुसरं त्याच्याशी पाऊल जुळवून तीच खरखर काढू लागतं. पहिल्यात हळूच आपलं बोलणं मिसळायचं. तारेवर कुणी कान लावला तर त्याला नुसती खरखर. दुसऱ्या टोकाला मात्र आलेल्यातून आपली खरखर वजा केली की बोलणं उरतं. मॅडम म्हणतात, हुशार माणूस हेही फोडू शकतो, पक्कं कुलूप समजू नका. मला कुलूप नकोच होतं. मला तुमचं दुकान हवं होतं, आणि तीच माणसं.

या उन्हाळ्यात आलो. तुमच्या फोटोखाली आता तुमची मुलगी, आमची ताई बसते, मोबाइल दुरुस्त करते. चहावाल्यानं लांबूनच ओळखलं. "काय रे खरखऱ्या, कधय उना?" कधी आलास म्हणे. बरं झालं म्हटलं, नाव त्याच्या तोंडात ताजं आहे. तशीच दोन सर्किटं दोन पेट्यांत बसवून आणली होती. एक पेटी त्याच्या फळीवर ठेवली, दुसरी तुमच्या टेबलावर, मधे रस्त्यावरून तार. माइक हातात घेतला. वाक्य तयारच होतं. बोललो, आणि दुकानातल्या स्पीकरमधून आली नुसती खरखर. पुन्हा बोललो. खरखर. चहावाला पोट धरून हसला. "आजबी तीच खरखर रे भो! मास्तर खोटं नही बोलनात."

चूक कुठे झाली ते मला त्याच क्षणी कळलं. रेझिस्टर मी त्यांच्यावरच्या पट्ट्यांचे रंग बघून लावले होते, मीटरनं मोजले नव्हते. उतरलो होतो त्या लॉजवर चालवून पाहिलं तेव्हा फाटका का होईना, आवाज आला होता. इथे एक पेटी उन्हात तापली, दुसरी सावलीत, आणि होतं नव्हतं ते जुळणं गेलं. तुमचा पहिला धडा, रोज टपली मारून दिलेला: "पट्टा नको देखू, मीटर देख."

जमलेले लोक जेवायला पांगले. ताई आत गेली आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. "बापूना डबा शे. देख, कामना शे का." आत रेझिस्टर, जुन्या सेटमधून काढून, एकेक मोजून, सारख्या भरलेल्यांची जोडी दोऱ्यानं बांधून ठेवलेली. हे तुम्ही माझ्यासाठी केलं नव्हतं, अ‍ॅम्प्लिफायरच्या दोन बाजू सारख्या वाजाव्यात म्हणून केलं होतं. तेव्हा उगाच मोठेपणा घेऊ नका. पण मला लागणारी मापं त्यात निघाली. तासभर ते सोल्डरचे डाग देऊन बसवत राहिलो, फळीवरची पेटी सावलीत घेतली, माणसं परतली, आणि मी माइकमध्ये म्हणालो, "मास्तर, तुम्ही चुकला होतात." तारेवर खरखर होती, मधे लावलेल्या छोट्या स्पीकरवर सगळ्यांना ऐकवली. दुकानात माझा आवाज, स्वच्छ, तुमच्या फोटोखाली. चहावाल्याचं हसू तिथेच थांबलं. काय बरं वाटलं, मास्तर! अजून वाटतं.

मग तो म्हणाला, "सकाय तं नही चालनं, आते कसं चालनं?" मी म्हणालो, "पिशवीत मोजून जुळवलेले पार्ट होते, बेंगळुरूचे. ते लावले." ताई डब्याचं झाकण लावत होती. तिनं वर पाहिलं, आणि झाकण लावलं.

हे पत्र त्याच डब्यात टाकायचं म्हणून लिहायला घेतलं. पण डबा ताई उघडते. मी खोटं बोललो ते तिला माहीतच आहे. दुसरी गोष्ट तिला कळू नये. त्या जोड्यांना तुमची ती एका ओढीत सुटणारी गाठ होती, जी बांधायला शिकवताना तुम्ही माझी बोटं धरली होती. पेटीकडे बघत, बोलायचं वाक्य मनात घोळवत, मी एकामागून एक गाठी सोडत गेलो. एकदाही खाली बघावं लागलं नाही.