रिकाम्या जागेपुढची रांग

दादा,

नमस्कार. वाकून करायला गेलो, पण निम्म्यावर कमरेत कळ आली. तेव्हा अर्धा या पत्रात आणि उरलेला प्रत्यक्ष भेटीत, असा हप्त्याने घ्यावा. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन व्यवस्थित झालं, हे तुमच्या बहिणीकडून (म्हणजे माझ्याच घरातून, पण जरा उशिरा) कळलं. वहिनी आता तुम्हाला पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसत असतील. त्याबद्दल मोठ्याने काही बोलू नका, एवढंच धाकट्याचं सांगणं. डॉक्टरांनी म्हणे वाकायचं नाही, जड उचलायचं नाही आणि डोक्याला त्रास करून घ्यायचा नाही असं बजावलंय. पहिली दोन पथ्यं पाळा. तिसरं या पत्राने मोडणार आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो.

आम्ही ठीक आहोत. म्हणजे तुमची बहीण ठीक आहे आणि मी उभा आहे. हे पत्रही स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभं राहून लिहितोय. घरात टेबल आहे, खुर्ची आहे, सुट्टीची दुपार आहे, पण बसवत नाही. ती मघापासून दोनदा "बसा की" म्हणाली. बसलो. बसल्यावर हातांचं काय करायचं ते कळेना, म्हणून उठलो. मग खिडकीपर्यंत गेलो, परत आलो. ती म्हणाली, "तुम्ही घरात चालता की घर मोजता?" याला सगळी आमची बँक जबाबदार आहे.

आमची शाखा तुम्ही पाहिली आहे. आत शिरलं की समोर लांबलचक लाकडी काउंटर, त्यावर काच, काचेला अर्धचंद्राएवढं भोक, आणि त्या भोकात तोंड घालून ओरडणारी माणसं. (तुम्हीही ओरडला होतात. मी आतून हात करत होतो, तुम्हाला वाटलं दुसरं कोणीतरी आहे.) वर्षाच्या सुरुवातीला हेड ऑफिसचं सर्क्युलर आलं की शाखा आता 'मोकळी' करायची. आम्ही बँकवाले आयुष्यभर बदलीला घाबरत आलो. या वेळी तिची वेलांटी गळाली आणि नुसता बदल आला, तो बदलीपेक्षा भारी निघाला.

मी बदलाचा वैरी नाही, हे तुम्ही तरी मान्य कराल. कॉम्प्युटर आले तेव्हा शाखेत सगळ्यांच्या आधी एका बोटाने टाइप करायला मी शिकलो (अजून त्याच बोटाने करतो). पैसे देणारं यंत्र आलं तेव्हा लोक त्याच्याशी दबक्या आवाजात बोलायचे. त्यांच्या शेजारी उभं राहून मी धीर दिला. मग सगळी बँक फोनमध्ये गेली. दर वेळी कोणीतरी छातीठोकपणे सांगायचं की आता शाखांचं काही खरं नाही, आणि दर वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करायला माणूस लागायचाच. पण तेव्हाचे बदल यंत्रांत होत होते. या वेळी ते फर्निचरवर आले.

काउंटर गेलं. काच गेली. माझी केबिन गेली आणि तिच्याबरोबर माझी खुर्ची गेली. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बसलेला कर्मचारी म्हणजे थांबलेली बँक'. सगळ्यांच्या हातात एकेक टॅबलेट दिला आणि सांगितलं की ग्राहक येईल, हवा तिथे उभा राहील, आपण हसतमुखाने त्याच्यापर्यंत चालत जायचं. मी दिवसभर चालू लागलो. मॅनेजर कोण आणि दार चुकून आत आलेला माणूस कोण, हे ओळखू येईनासं झालं. एका बाईंनी मला दोनदा विचारलं की तुमचं काम झालं का. ग्राहकांसाठी मात्र बसायला मऊमऊ पोती आणली होती, रंगीत, आत बारीक मणी भरलेली. पहिल्याच आठवड्यात एक आजीबाई मुदत ठेव करायला आल्या आणि विश्वासाने त्या पोत्यावर टेकल्या. त्या आत जातच राहिल्या. मी आणि वॉचमन दोन्ही बाजूंनी ओढत होतो, पण ठेवीची मुदत सुरू झाली होती, आधी निघणं शक्य नव्हतं. आत रुतलेल्या अवस्थेतच त्यांनी व्याजाचा दर विचारला, कमी आहे म्हणाल्या आणि बाहेर निघाल्यावर ठेव न करताच घरी गेल्या.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण आमच्या कॅशियरचं तसं नव्हतं. हा तोच, जो आमच्याकडे तुम्ही असताना जेवायला आला होता आणि सबंध जेवणात 'मीठ' एवढा एकच शब्द बोलला होता. असा हा माणूस काचेमागे बसला की निराळाच व्हायचा. म्हाताऱ्यांची थट्टा करायचा, बायकांना मुलांच्या परीक्षा विचारायचा. काच काढली आणि भर रस्त्यात कोणी अंगावरचे कपडे उतरवावेत तसा तो झाला. लोक जवळ येऊन बोलायला लागले, एकाने प्रेमाने खांद्यावर हात ठेवला, आणि याला घाम फुटला.  चार दिवस कसेबसे काढले आणि रजेवर गेला. मी फोन केला तर म्हणाला, "साहेब, उघड्यावर बसल्यासारखं वाटतं. मुदतीआधी निवृत्ती घेतो म्हणतो." नोकरीची अजून बरीच वर्षं आहेत त्याची. मी त्याला 'बघू' म्हणालो. दादा, 'बघू' म्हणणाऱ्या माणसाला झोप कशी लागत नाही ते मला तेव्हापासून कळलं.

आता रांगेचं सांगतो. आमच्या चौकात औषधांचं दुकान आहे, त्याचे मालक रोज सकाळी भरणा करायला येतात. आम्ही त्यांना 'औषधवाले' म्हणतो. त्यांना मी नवी पद्धत समजावून सांगितली: कुठेही उभे राहा, आम्ही येऊ. त्यांनी मान डोलावली आणि सरळ जाऊन जिथे पूर्वी काउंटर होतं तिथे उभे राहिले. काउंटर काढल्यावर फरशीवर एक फिकट पट्टा राहिला होता, त्याला चपलांची टोकं लावून, समोरच्या कोऱ्या भिंतीकडे तोंड करून. त्यांच्या मागे एक शाळामास्तरीण उभी राहिली. तिच्या मागे एक रंगारी. बघता बघता दारापर्यंत रांग झाली. पुढे माणूस नाही, खिडकी नाही, काही नाही, पण रांग अगदी सरळ. मी औषधवाल्यांना म्हणालो की अहो, आता रांगेची गरज नाही, कुठेही उभं राहिलं तरी चालतं. ते म्हणाले, "कुठेही उभा राहिलो तर माझ्या आधी कोण आणि नंतर कोण, हे कळणार कसं?" मी टॅबलेटवर बोट फिरवून पाहिलं, त्यात असा रकाना नव्हता.

नेमका त्याच सकाळी कॅशियर निवृत्तीचा अर्ज घेऊन आला. दारातच थबकला. रांगेतल्या सगळ्यांनी मागे वळून त्याच्याकडे पाहिलं आणि औषधवाले म्हणाले, "आलात? चला, दुकान उघडायचंय मला." एवढंच. कॅशियरने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. तो आत निघाला. पट्टा ओलांडून सरळ आत गेला नाही हो. टोकाला जिथे पूर्वी उचलायची फळी होती तिथपर्यंत गेला, वळसा घातला, आणि आपल्या जुन्या जागी पट्ट्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. हात पुढे केला. औषधवाल्यांचा भरणा मोजून घेतला. मास्तरणीची पाळी आली तोवर तिच्या मुलीची परीक्षा विचारून झाली होती. मी मागच्या खोलीतून एक उंच स्टूल आणून त्याच्यापुढे ठेवलं, पैसे ठेवायला, आणि त्याच्या शेजारी आणखी दोघांना उभं केलं. त्या दिवसापासून आमचं काम एका नसलेल्या काउंटरवर सुरळीत चालू झालं.

मग बदलताई आली. (हेड ऑफिसात बदल विभाग आहे, तिथली ही अधिकारी. आमच्या थोरल्या मुलीपेक्षाही लहान असेल. नाव आम्हीच ठेवलं.) न कळवता आली आणि काही न बोलता रांगेत उभी राहिली. मला दुसऱ्या टोकाला ती दिसली तेव्हा वाटलं, संपलं, आता थेट चौकशी. तिचा नंबर आला तेव्हा तिने कॅशियरला विचारलं की लोक इथेच का उभे राहतात. तो म्हणाला, "इथं उभं राहिलं की आपलं काम होणार, असं वाटतं त्यांना." तिने ते लिहून घेतलं. मूर्ख नाही ती, हे मला तिथेच कळलं. मूर्ख असती तर तिने आम्हाला सर्क्युलर वाचून दाखवलं असतं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ही रांग कुणाला सुचली?"

दादा, आपल्या भाषेत एक सोय आहे. मी म्हणालो, "सुचली." कुणाला, ते सांगावं लागत नाही.

पुढचं सगळं त्या एका क्रियापदामुळे झालं. रांगेला नाव मिळालं, 'ग्राहकस्फूर्त रांग'. सगळ्या शाखांत फरशीवर पट्टे रंगवायचा हुकूम निघाला, आणि मला हेड ऑफिसात बोलावलं. लांबलचक टेबलाभोवती मोठी मोठी माणसं बसली होती. (ती बसली होती, याची नोंद घ्यावी.) मी उभा राहून बोललो. काय बोललो ते आठवत नाही, पण टाळ्या वाजल्या. सगळ्यात मोठ्या साहेबांनी विचारलं की यापुढे काय. माझ्या पोटऱ्या दुखत होत्या. मी म्हणालो, प्रायोगिक तत्त्वावर काही शाखांत खुर्ची ठेवून पाहावी.  मग एक जण हळूच म्हणाला, "पाठ असलेली?" मी हो म्हणालो. त्यांनी एकमेकांकडे असं पाहिलं, की अशी माणसं इतकी वर्षं खालच्या शाखेत पडून कशी राहिली.

बदल विभागात मोठी जागा देऊ केली आहे मला. बदल विभागात बदली. म्हणजे हेड ऑफिसच्या शहरात बिऱ्हाड आणि महिन्यातले निम्मे दिवस गावोगावच्या शाखांत. मी साफ सांगतो, हे वय त्याचं नव्हे. ज्या माणसाला स्वतःच्या घरात कुठे बसावं ते सुचत नाही, त्याने दुसऱ्यांच्या शाखा हलवायला जाऊ नये. नवं आणणारे लोक काय आणायचं याचा फार विचार करतात. ते आल्यावर माणसाने उभं कुठे राहायचं, याचा कोणीच करत नाही. हे मला कळतं, म्हणून मी इथेच बरा. सभेला निघालो तेव्हा कॅशियरनेही विचारलं होतं, "तुम्ही आहात ना साहेब इथं?" मी म्हणालो, "आहे ना."

तेव्हा दादा, माझा विचार पक्का आहे आणि तुमच्यासारख्या जाणत्या माणसाला तो पटेल, याची खात्री आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. डोळ्यांत थेंब वेळेवर घाला.

आपला धाकटा मेहुणा

ता. क. वर 'विचार पक्का आहे' असं लिहिलं, ते खरं आहे. फक्त तो दुसरा आहे. मी त्या सभेतच हो म्हणून आलो. सही केली. पेन त्यांचं होतं, एवढाच काय तो माझा बचाव.

ता. क. २. खरं सांगू का, मला ते आवडलं. पट्ट्याच्या अलीकडे माणसं, पलीकडे कॅशियर, मधे काहीच नाही, आणि तरी सगळं चाललंय, हे पाहताना माझा चहा दोनदा थंड झाला; नोकरीत इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ते सुचलं कुणालाच नव्हतं, पण पाहिलं मी होतं. आता बसवत नाही ते कमरेमुळे नाही.

ता. क. ३. आता मुद्द्याचं. तुमच्या बहिणीला मी यातलं अवाक्षर सांगितलेलं नाही. कॅशियरला माझं मी सांगेन, कसंतरी. पण तिला तुम्ही सांगा. लहानपणापासून ती तुमचं ऐकते, आणि शिवाय तुम्ही लांब आहात. पत्र मिळताच फोन करावा. मी त्या वेळी बाहेर असेन.

दादा, हे खाली मी लिहितेय. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडेच दिलं यांनी, आणि पाकीट चिकटवायला विसरले. मला सगळं माहीत आहे. यांच्या बदलीची ऑर्डर सभेच्या दिवशीच शाखेत सगळ्यांच्या टॅबलेटवर आली, फक्त यांचा टॅबलेट चार्ज केलेला नव्हता. संध्याकाळी कॅशियर भाऊजी घरी येऊन सांगून गेले. चक्क पाच-सहा वाक्यं बोलले. म्हणाले, साहेबांना जाऊ द्या वहिनी, माझं आता जमतंय. मलाही वाटतं, जाऊ देत. घरात येरझाऱ्या घालण्यापेक्षा गावोगाव घातलेल्या बऱ्या. नव्या घरासाठी पडदे बघून ठेवलेत मी.

पण तू इतक्यात फोन करू नकोस. मन खात असल्यामुळे हे सध्या सकाळचा चहा स्वतः करतात, कपड्यांच्या घड्या घालतात, आणि काल न सांगता सगळे पंखे पुसले. माळा अजून राहिलाय.