वाटुली

प्रिय सुमती,

आज सकाळी घरकामाला येणाऱ्या लक्ष्मम्माने तुझा कॉफीचा पेला घासून फळीवर ठेवून दिला. म्हणून लिहायला बसलो. "सर, स्वल्प धूळ होती," एवढंच म्हणाली. मी तिच्याच कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणालो आणि खोलीत जाऊन बसलो.

त्या दिवशी तपासणीसाठी निघताना चपला घालत तू "येते हं" म्हणालीस. तुमच्या माहेरच्या रीतीप्रमाणे मी तुझा पेला ओट्यावर उपडा ठेवला. येणाऱ्याने येऊन तो स्वतः सुलटा करायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही. तू दवाखान्यातून आलीच नाहीस. पेला तसाच राहिला. असं जातं का कुणी, सुमती?

आपलं नवीन लग्न झालं होतं तेव्हा तुझी आई म्हणाली होती, "या जावईबापू, तुमची वाटुली होती." मला काही कळेना. तू हसलीस. "तुमच्या पुण्यात नाही का हा शब्द?"

"आम्ही वाट बघतो म्हणतो."

"अहो, वाट बसचीसुद्धा बघतात. वाटुली फक्त माणसाची. तीही जो येणार हे ठरलेलं आहे त्याचीच. बाकीच्यांची नुसती आस. आस धरावी, पण पेला मांडू नये."

पुढे इलेक्ट्रॉनिक सिटीहून यायला उशीर झाला की मी दारातूनच विचारायचो, "वाटुली होती का?" तू म्हणायचीस, "छे! मांजराने पेला उपडा केलाय." किती बरं वाटायचं ते ऐकून! तुला कधी सांगितलं नाही. तू मात्र कधी कुठे गेलीसच नाहीस. तुझा पेला मांडायची वेळ माझ्यावर आली ती ही एवढीच.

थोड्या वेळाने मी तो फळीवरून काढून पुन्हा ओट्यावर ठेवायला गेलो. आपली मेघा ऑफिसला निघाली होती. दारातच थांबली.

"अप्पा, राहू दे ना फळीवर."

"लक्ष्मम्माला सांगून ठेवायला हवं होतं," मी म्हणालो.

"तिला मीच सांगितलं होतं घासायला."

मी तिच्याकडे वळलो. ती खाली बघत म्हणाली, "रोज घरी आले की ओट्यावर आईचा पेला असतो. माझा नसतो. आई गेल्यापासून माझी वाटुली कोण करतंय, अप्पा?"

मी पेला पुन्हा फळीवर ठेवला. तू असतीस तर मला चांगलं झापलं असतंस.

आता संध्याकाळ झाली आहे. मेघा बेळ्ळंदूरच्या गर्दीत अडकली आहे, निघाल्याचा फोन येऊन गेला. तिचा पेला मांडला आहे. फिल्टरमधून कॉफीचं डिकॉक्शन उतरतं आहे.

सुमती, तुझा पेला आता फळीवरच राहील. तुझी आस काही सुटायची नाही, आणि आस धरायला तू मनाई केली नव्हतीस. पण या घरात वाटुली होईल ती मेघाची, आणि ती मी रोज करीन. हे तुला कबूल करतो.

तुझा,
श्रीधर